कंस, पेन्सिल आणि चावडी : सातबाऱ्याच्या संगणकीकरणाची समीक्षा

कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, अलीकडे जाहिरातींची आणि दूरचित्रवाणी मालिकांचीही होते. पण ज्या एका पानी मजकुरावर कोट्यवधी माणसांची जमीन, कर्ज आणि वारसा अवलंबून आहे, तो सातबारा संगणकात जाताना कोणी आणि कसा वाचला, याची समीक्षा माझ्या वाचनात फारशी आलेली नाही. प्रशंसा पुष्कळ आली, तक्रारी त्याहून अधिक आल्या. या लेखात मला त्या वाचनाकडे पाहायचे आहे.

संगणकाच्या व्यवसायात या वाचनाला ‘सिस्टिम ॲनालिसिस’ म्हणतात, मराठीत ‘प्रणाली-विश्लेषण’. एखाद्या कार्यालयासाठी संगणकीय व्यवस्था उभारायची तर आधी कोणीतरी तिथे जाऊन बसायचे. कोणता कागद कोण लिहितो, तो कुठे जातो, त्यावर सही कोणाची होते, अडतो कुठे, हे पाहायचे. मग ‘या कार्यालयाच्या गरजा अमुक आहेत’ असा एक दस्तऐवज तयार करायचा. पुढचे पडदे, तक्ते, रकाने सारे त्या दस्तऐवजावर उभे राहतात. पाठ्यपुस्तके या कामाचे वर्णन मोजमापासारखे करतात, जणू गरज कपाटात ठेवलेलीच होती, विश्लेषकाने ती फक्त काढून मोजली. माझे म्हणणे असे की हा दस्तऐवज म्हणजे एक अर्थनिर्णय असतो. अर्थनिर्णय म्हटला की तो बरा, अपुरा किंवा एकांगी असू शकतो आणि समीक्षेच्या कक्षेत येतो.

माझी पात्रता आधीच सांगतो. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही आणि महसूल खात्यात कधी नोकरीलाही नव्हतो. विश्लेषणाचे शास्त्र मी अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतून शिकलो. महसुलाचे शास्त्र शिकलो ते ‘अँडरसन मॅन्युअल’ या नावाने खात्यात ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथातून आणि निवृत्त भाऊसाहेबांच्या, म्हणजे तलाठ्यांच्या, ओसरीवर बसून. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे उतारे वाचून देण्याची सवय जडली आणि त्या सवयीतून हा विषय हाती लागला.

बदल हीच माहिती

व्यवसायासाठी संगणक वापरण्याची सुरुवात एका चहावाल्या कंपनीने केली, हे सांगितले की अजूनही लोकांना गंमत वाटते. लंडनच्या जे. लायन्स कंपनीची चहा-फराळाची दुकाने शहरभर होती. १९५१ मध्ये या कंपनीने स्वतः बांधलेल्या ‘लिओ’ या यंत्रावर आपल्या बेकरीचा हिशेब चालवला. यंत्राचे कौतुक इतिहासात होतेच. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की कार्यालयीन कामाच्या पद्धती अभ्यासणारा विभाग या कंपनीत १९३० च्या दशकापासून होता. यंत्र येण्याआधी जवळजवळ दोन दशके कंपनीची स्वतःची माणसे आपल्याच कागदांचा प्रवास तपासत होती. त्यामुळे १९५४ पासून दुकानांच्या रोजच्या मागणीचे काम यंत्रावर गेले, तेव्हा त्यांनी सगळी यादी रोज भरायला लावली नाही. प्रत्येक दुकानाची नेहमीची मागणी यंत्रात होती. दुकानाच्या व्यवस्थापक बाईंनी दूरध्वनीवरून त्यात काय कमी-जास्त करायचे तेवढेच सांगायचे. जे कालच्यासारखेच आहे ते पुन्हा सांगण्यात माहिती नाही, बदलात आहे.

हे वाचताना मला आपला फेरफार आठवला. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने जमिनीचे अधिकार अभिलेख सुरू झाले. त्यातून रुजलेली आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये आलेली रचना नेमकी या तत्त्वावर उभी आहे. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एका पानावर म्हणून सातबारा. पण या पानावर कोणी थेट काही लिहायचे नसते. खरेदी झाली, माणूस वारला, वाटणी झाली, कर्ज काढले, की आधी नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. तिची प्रत चावडीवर लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत असते. हरकत आलीच तर ते प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग तो बदल सातबाऱ्यावर उतरतो. सातबारा हा निकाल आहे. फेरफार ही सुनावणी आहे.

जुने तलाठी ही मधली अवस्था पेन्सिलने दाखवत. फेरफार धरला की त्याचा क्रमांक सातबाऱ्यावर पेन्सिलने लिहायचा. प्रमाणित झाला की शाईने. पान पाहणाऱ्याला एका नजरेत कळे की इथे काहीतरी चालू आहे, सौदा करण्याआधी चौकशी करावी. ज्याचा हक्क संपला त्याचे नाव खोडायचे नाही, कंसात घालायचे आणि शेजारी फेरफार क्रमांक द्यायचा. खोडणे म्हणजे विसरणे. कंस म्हणजे ‘होता, आता नाही, का नाही ते अमुक नोंदीत पाहा’. कंसाला इतके काम दिलेला दुसरा मराठी गद्यप्रकार मला माहीत नाही.

आता संगणकीकरणाचा क्रम पाहू. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. महाराष्ट्रातला जिल्हा वर्धा होता. पुढे ती राज्यभर पसरली. आरंभी संगणकात गेला तो सातबारा, म्हणजे निकाल. फेरफाराची प्रक्रिया संगणकावर चालवणारी ‘ई-फेरफार’ व्यवस्था राज्यभर आली ती पुष्कळ नंतर, २०१० नंतरच्या दशकात. मधल्या काळात गावात हाताने फेरफार होत राहिले आणि तालुक्याला संगणकातली प्रत मागे पडत राहिली. एकाच गटाचे दोन सातबारे, एक हस्तलिखित आणि एक छापील, आणि दोघांत मेळ नाही, ही अवस्था अनेक गावांनी पाहिली. याचे खापर आपण तलाठ्याच्या आळसावर किंवा सर्व्हरच्या मंदपणावर फोडतो. मला दोष त्याआधीचा दिसतो. विश्लेषकाने उतारा वाचला, फेरफार वाचला नाही. लोक रांगेत उभे राहून उतारा मागतात, म्हणून उतारा लवकर छापून मिळणे ही गरज ठरली. ती गरज खोटी नव्हती. तलाठी सज्जावर सापडत नाही, सापडला तर हात ओले करावे लागतात, हे दुःख खरे होते. पण रांगेत दिसते ती गरज आणि व्यवस्था ज्यावर चालते ती गरज, या दोन वेगळ्या असू शकतात.

कोणाचे कार्यालय?

असे का होते, याचे उत्तर मला पीटर चेकलंड या ब्रिटिश अभ्यासकाकडे मिळाले. रासायनिक उद्योगातली नोकरी सोडून ते लँकेस्टर विद्यापीठात आले आणि १९८१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी विश्लेषणाची एक निराळी रीत मांडली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : संस्थेची गरज कोणाच्या नजरेने पाहायची हे ठरल्याशिवाय ती सांगता येत नाही. म्हणून आधी ‘ही व्यवस्था कोणासाठी, कोणाकरवी, कशाचे काय करते आणि कोणत्या जगदृष्टीतून हे अर्थपूर्ण ठरते’ याची विधाने लिहावीत. एक विधान पुरत नाही. निरनिराळ्या नजरांची निरनिराळी लिहावीत आणि मग प्रत्यक्षाशी ताडून पाहावीत.

तलाठी कार्यालयाबाबत हा प्रयोग कोणालाही करता येईल. शासनाच्या नजरेने ते जमिनीचा आणि पिकांचा हिशेब ठेवणारे कार्यालय. बँकेच्या नजरेने तारणाची खातरजमा करून देणारे. न्यायालयाच्या नजरेने, संहितेच्या कलम १५७ प्रमाणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानायच्या नोंदींचे ठिकाण. मालकीचा अंतिम पुरावा मात्र नव्हे. कुटुंबाच्या नजरेने चार पिढ्यांच्या वाटण्यांची बखर. आणि गावाच्या नजरेने, कोण काय म्हणतो ते चारचौघांसमोर लिहून घेण्याची जागा.

पाचही विधाने एकाच वेळी खरी आहेत. मात्र संगणकीय सातबाऱ्याची रचना पाहिली तर पहिली दोन स्पष्ट ऐकू आलेली दिसतात, तिसरे अर्धेमुर्धे, आणि शेवटची दोन फारशी नाहीत. याचा परिणाम काय होतो, तो तीन जागी दाखवतो.

तीन अक्षरे

पहिली जागा ‘ए.कु.मॅ.’ या अक्षरांची. ती म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील वारले की थोरल्याचे नाव लागायचे आणि पुढे ही अक्षरे. याचा अर्थ, जमीन थोरल्याची एकट्याची नाही. त्याच्या नावामागे धाकटे भाऊ उभे आहेत. ही नोंद घरातल्यांना पाठ असते, तलाठ्याला कळते. पण तालुक्याला बसून दिवसाला ठरावीक पाने भरणाऱ्या माणसाला, ज्याने ते गाव पाहिलेले नाही, ती नावापुढची बारीक अक्षरे वाटतात. ती गळली की थोरला एकटा मालक झाला. कोणी लबाडी केली नाही, कोणी अर्ज केला नाही, फेरफार झाला नाही, तरी धाकट्यांचा हक्क कागदावरून नाहीसा झाला.

पूर्वीही हे होत नसे असे नाही. पीकनोंदीची जागा साधारण दहा वर्षांनी संपली की सातबाऱ्याचे पुनर्लेखन व्हायचे आणि नावे गळायची ती बहुधा तेव्हाच. म्हणून तर पुनर्लेखन हे जोखमीचे काम मानले जाई आणि वरिष्ठांकडून त्याची तपासणी होई. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. त्यांचे संगणकीकरण हे या राज्याच्या इतिहासातले सर्वांत मोठे पुनर्लेखन होते. आपण त्याला ‘डेटा एंट्री’ म्हटले. नाव बदलले की कामाची पायरीही बदलते. जोखमीचे काम टंकलेखन झाले.

इतर हक्क

दुसरी जागा ‘इतर हक्क’ या रकान्याची. ज्याला दुसरीकडे जागा नाही ते सारे इथे. कुळाचे नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीतला तिसरा हिस्सा, पाण्याची पाळी, वहिवाटीची वाट, आईची पोटगी. आणि पुष्कळ उताऱ्यांत बहिणींची नावे. मुलांची नावे भोगवटादार म्हणून मुख्य रकान्यात आणि मुलींची, आईची ‘इतर हक्कात’, ही जुनी रूढी. वारसा कायदा बदलल्यावरही ती लगेच सुटली नाही.

साहित्याच्या वाचकाला हा रकाना लगेच ओळखीचा वाटेल. हा मजकुराचा समास आहे, आणि समासातच सामाजिक इतिहास साठतो. संगणकाला समास आवडत नाही. त्याला प्रकारांची यादी हवी, प्रत्येक नोंदीला एक वर्ग हवा. वर्गवारी केल्याने फायदेही झाले. बोजा वेगळा दिसू लागला, एकाच जमिनीवर तीन बँकांकडून कर्ज उचलणे अवघड झाले. पण विश्लेषकाने इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा होता : बोजा आणि बहीण एकाच रकान्यात का आहेत? तो विचारला असता तर संगणकीकरण ही रूढी मोडायची संधी झाली असती. माझ्याकडे उतारा वाचून घ्यायला आलेल्या एका बाईंना त्यांचे नाव दाखवले, तर वर भावांची नावे, खाली सोसायटीचे कर्ज आणि त्याखाली त्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे मीही बोजाच म्हणा की.” अख्ख्या गरज-विश्लेषणाला हे वाक्य पुरले असते. पण त्या कोणत्याही बैठकीला नव्हत्या.

जमीन करणाऱ्याचे नाव

तिसरी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जुन्या हस्तलिखित ‘बारा’मध्ये पिकांच्या रकान्यांबरोबर ‘रीत’ आणि ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असेही रकाने असत. मालक कोण हे वर ‘सात’मध्ये, जमीन कोण आणि कोणत्या रीतीने कसतो हे खाली ‘बारा’मध्ये. एका पानावर मालकी आणि कसवणूक समोरासमोर ठेवण्याची ही कल्पना कुळकायद्याच्या काळात केवढी स्फोटक ठरली हे जुन्या लोकांना सांगायला नको. आजच्या उताऱ्यात पिकाच्या ओळीला खाते क्रमांक जोडलेला असतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’त शेतकरी मोबाइलवरून शेतातल्या पिकाचे छायाचित्र स्थानासह पाठवतो. चावडीवर बसून गेल्या वर्षीचीच पिके उतरवून काढण्याची जुनी खोड यामुळे मोडते, म्हणून मी या बदलाच्या बाजूचा आहे. पण नोंद होते ती खातेदाराच्या नावाने. बटाईने किंवा खंडाने कसणारा बांधावर उभा राहून फोटो काढील कदाचित. त्याला स्वतःच्या नावाचा रकाना नाही.

कोणी म्हणेल, हाताच्या नोंदीतही बटाईदार कुठे लिहिले जात होते? कुळ लागेल या भीतीने मालक ती नोंद होऊच देत नसत. खरे आहे. पण रिकामा रकाना आणि नसलेला रकाना यांत फरक आहे. रिकामा रकाना तलाठ्याला दरवर्षी एक प्रश्न विचारतो. त्याचे खोटे उत्तर लिहिले तरी प्रश्न तिथे असतो, आणि उद्या कोणी भांडायला उभा राहिला तर त्याला बोट ठेवायला जागा असते. अतिवृष्टीने पीक गेले की मदत खातेदाराच्या खात्यात जाते आणि बियाणे-खत ज्याने उसने आणून टाकले तो बघत राहतो. या अन्यायाचे मूळ अर्थातच संगणकात नाही. पण गरजांच्या यादीत पीक आले, क्षेत्र आले, स्थान आले आणि कसणारा आला नाही, हा निर्णय कोणीतरी घेतला. तो तांत्रिक निर्णय म्हणून घेतला गेला, म्हणून त्यावर वाद झाला नाही.

उलट्या क्रमाने झालेले विश्लेषण

समीक्षकाने श्रेयही द्यावे. पेन्सिलचे भाषांतर चांगले झाले आहे. आजच्या उताऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक असतो आणि प्रलंबित फेरफार आहे की नाही हे छापलेले असते. पेन्सिल पुसता येई, हे पुसता येत नाही. नव्या नमुन्यात कमी झालेली नावे कंसाऐवजी आडव्या रेषेने छेदून दाखवतात. नाव वाचता येते आणि आज कोण नाही हे नवख्यालाही चटकन कळते. खरेदीखत नोंदले की त्याची वर्दी थेट ई-फेरफारात जाते, हीही मोठी सुधारणा. मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरी बसून मिळू लागला. ही कामे करणाऱ्यांनी मूळ रीत समजून घेतली होती, हे दिसते.

चावडीचे भाषांतर मात्र अर्धे झाले. फेरफाराच्या नोटिसा आता ‘आपली चावडी’ या नावाने संकेतस्थळावर लागतात. नाव जुनेच ठेवले हे चांगले. पण चावडीवर कागद लागणे ही अर्धी गोष्ट होती. उरलेली अर्धी म्हणजे तिथे येणारी-जाणारी माणसे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कोणीतरी म्हणायचे, “अरे, तुझ्या चुलत्यानं वाटणी धरलीय, बघितलंस का?” संकेतस्थळावर ज्याला संशय आला आहे तोच जातो. ज्याला पत्ताच नाही त्याला तिथे कोण नेणार?

याची जाणीव शासनालाही झाली असावी, कारण २०१७ मध्ये राज्यभर ‘चावडी वाचन’ मोहीम झाली. संगणकातला सातबारा हस्तलिखिताशी ताडून गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, चुका ऐकून घ्यायच्या आणि मग दुरुस्त करायच्या. गळलेली नावे, न जुळणारी क्षेत्रे, चुकीचे हिस्से या वाचनात बाहेर आले. संगणकीकरणाच्या सगळ्या प्रवासातला हा मला सर्वांत शहाणपणाचा टप्पा वाटतो. विचार केला तर हे गरजेचे विश्लेषणच होते. फक्त व्यवस्था उभी राहिल्यावर झाले. प्रायोगिक योजनेपासून मोजले तर जवळजवळ तीन दशकांनी.

या उलट्या क्रमाची किंमत कोण देतो? लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी संहितेत कलम १५५ आहे. चूक भरणाऱ्याची, पण अर्ज शेतकऱ्याचा. जुना हस्तलिखित उतारा त्याने शोधायचा, फेरफाराची नक्कल त्याने काढायची, तहसीलच्या फेऱ्या त्याने मारायच्या. आणि तोवर कलम १५७ ने संगणकातली नोंदच खरी मानायची. हाताने लिहिलेल्या चुकीकडे लोक संशयाने पाहत. छापील चूक सरकारी सत्य वाटते.

पुढे काय करता येईल, याबद्दल तीन सूचना. एक, चावडी वाचन ही मोहीम न राहता रीत व्हावी. ग्रामसभेसारखे वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी. दोन, जुन्या अभिलेखांची स्कॅन केलेली पाने अनेक जिल्ह्यांत उपलब्ध झाली आहेत; ती आजच्या नोंदीला जोडावीत, म्हणजे नावावर बोट ठेवले की ज्या पानावरून ते नाव आले ते पान उघडेल आणि गळलेली तीन अक्षरे स्वतःच साक्ष देतील. तीन, ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ हा रकाना परत यावा. कुळहक्काची भीती मालकांना वाटत असेल तर त्याचा उपाय कायद्यात शोधावा. रकाना काढून टाकणे हा उपाय नव्हे.

आता जमिनीपाठोपाठ शिधापत्रिका, पीकविमा, शाळेचे दाखले, दवाखान्याचे कागद सारेच पडद्यावर जाते आहे. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी बसून ‘या कार्यालयाच्या गरजा’ लिहितो आहे. तो दस्तऐवज बहुधा इंग्रजीत असतो आणि ज्यांच्यासाठी तो लिहिला त्यांच्या हाती कधी पडत नाही. तो मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि काम सुरू होण्याआधी त्याचेही चावडी वाचन व्हावे, एवढी मागणी तरी आपण वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी करायला हवी. कोणता रकाना ठेवला, कोणता गाळला आणि का, हे त्यातच लिहिलेले असते.